उंदीर हलवायची पाळी

सावरदऱ्याच्या रेडिओ केंद्रातला कॉम्प्युटर एकटा राहायला तयार नव्हता. शेजारी माणूस बसलेलं असलं की दिवसभर गुमान चालायचा. माणूस चहाला म्हणून उठलं की थोड्या वेळात पडदा काळा, आणि साऱ्या खोऱ्यातले रेडिओ मुके.

"मॅडम, खरंच सांगते," फोनवर संयोगिता म्हणाली, "गावात आता लोक त्याची दृष्ट काढा म्हणायला लागलेत."

पद्माला हसू आलं. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि समोरच्या टेबलावर वाकलेल्या सुमंतला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, ऐकायची खूण केली. माधवनगरला, बंद पडलेल्या एका कापड गिरणीच्या भिंतीलगत, दोघांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात टेबलं दोन. सुमंतच्या टेबलावर पंखे, तारा, स्क्रू आणि जळालेल्या भागांचा वास. पद्माच्या टेबलावर व्हायरस, हरवलेल्या फायली आणि रुसून बसलेल्या सिस्टिम. आलेलं मशीन कुठल्या टेबलाचं, यावरून दोघांचा रोज खटका उडायचा, आणि गिऱ्हाईकं खुर्ची ओढून तो मजेत ऐकत बसायची.

संयोगिता सांगलीत शिकायला होती तेव्हा पद्माकडेच कॉम्प्युटर शिकली होती. आता ती कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या पुढे, आपल्या गावी 'झुळूक' नावाचं छोटंसं रेडिओ केंद्र चालवत होती. घाटात दरड आली, भूकंपाचा धक्का बसला, कुणाची म्हैस चुकली, की आसपासच्या वाड्यावस्त्या आधी झुळूक लावत.

"बंद पडताना काही दिसतं का पडद्यावर? निळं काही, इंग्रजी अक्षरं?" सुमंतने विचारलं.

"काही नाही सर. दिवा फुंकल्यासारखं होतं. आणि लगेच चालूपण होत नाही. जरा वेळ जाऊ द्यावा लागतो."

"हार्डवेअर!" सुमंतने स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला. "तापतंय ते. नाही तर पॉवर सप्लाय गेलाय. आणि कोयनेत धक्के बसतात, रॅमसुद्धा हलली असेल."

"आणि शेजारी कोण बसलंय हे हार्डवेअरला कसं कळतं हो?" पद्मा म्हणाली. "माणूस असलं की चालायचं, माणूस उठलं की बंद. हे कुणी तरी पाळत ठेवून करतंय. व्हायरस आहे."

सुमंतने क्षणभर विचार केला. "माणूस बसतं तेव्हा खोलीतला पंखा लावतं. उठलं की बंद करतं. खोली तापते, मशीन तापतं. झालं!"

उत्तर बिनतोड होतं, आणि ते आपल्याला सुचलं नाही याचा पद्माला रागच आला. पण फोनमधून संयोगिताचा आवाज आला, "सर, आमच्या स्टुडिओत पंखाच नाही. माइकमध्ये त्याचा आवाज येतो म्हणून काढून टाकलाय."

पद्माने सुमंतकडे पाहून भुवया उंचावल्या.

संयोगिताला घाई होती ती वेगळ्याच कारणाने. झुळूकने खोऱ्यातल्या बायकांची उखाण्यांची स्पर्धा ठेवली होती. वाडीवाडीतून उखाणे रेकॉर्ड करून आणले होते आणि रोज थोडे थोडे लावत होते. आणि हा कॉम्प्युटर नेमका उखाण्याच्या मधोमध मान टाकत होता. रविवारी शेवटची फेरी होती. सलग तासभर कार्यक्रम.

"नवऱ्याचं नाव यायच्या आधी बंद पडतो मॅडम! परवा मनुबाईंचा उखाणा चालू होता. त्यांचे मालक गुंडातात्या रोज येऊन बसतात इथं. आजसुद्धा बसलेत."

मागून एका पुरुषाचा आवाज आला, "बसणारच! माझं नाव कुटं गेलं ते कळंस्तवर बसणार!"

रविवारी सकाळी दोघांनी आपली जुनी व्हॅन काढली आणि मागे हत्यारांची पेटी, सुटे भाग नि पद्माची पेन ड्राइव्हची डबी टाकली. कराड गेलं, पाटण गेलं, रस्ता वळणं घेत वर चढायला लागला, तरी दोघांचं एकमत होईना. शेवटी सुमंत म्हणाला, "हार्डवेअर निघालं तर महिनाभर दुकानाचं शटर तू उघडायचंस." पद्मा म्हणाली, "चालेल. आणि व्हायरस निघाला तर महिनाभर सकाळचा चहा तुम्ही करायचा." सुमंतचा चहा कसा होतो हे आठवून तिला पैज लावल्याचा थोडा पश्चात्तापही झाला.

झुळूकचं केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्या. आतली स्टुडिओची, तिच्या भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. बाहेरची पाहुण्यांची, तिथे एक टेबल, त्यावर माइक. मधे मोठी काच. आत कॉम्प्युटरसमोर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ ताठ बसले होते आणि माउस अगदी शिस्तीत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत होते.

"आकाराम सुभेदार," संयोगिताने ओळख करून दिली. "फौजेतून रिटायर झालेत. आमच्या बातम्या तेच वाचतात."

"रामराम," सुभेदार जागेवरून न हलता म्हणाले. "उठता येत न्हाई. ड्यूटीवर हाय."

"कसली ड्यूटी?"

"उंदीर हलवायची!" दारातून हसत आत आल्या त्या बनुबाई, सुभेदारांच्या मंडळी. दुपारचा बायकांचा कार्यक्रम त्या करत. "मीच काढलं हुडकून. मागल्या हप्त्यात गाणं लावून हितंच बसल्याली. माशी बसली म्हनून हात हलीवला तर त्यो उंदीर हलला. तवापासनं आमी समद्यांनी पाळ्या लावल्यात. उंदीर हलता ठिवला की मशीन मरत न्हाई बगा. पण मानसानं किती येळ हलवायचा? मधी एकदा ह्यांना डुलकी लागली, अन गेली की मनुबाई मधीच!"

"डुलकी न्हवं, डोळं मिटलं हुतं," सुभेदार म्हणाले.

कोपऱ्यातल्या बाकावर एक रापलेला, धिप्पाड माणूस उपरणं मांडीवर घेऊन बसला होता. तोच गुंडा. त्याच्या बायकोचा उखाणा 'कोयनेचं पाणी अडवलं भिंतीनं' इथपर्यंत वाजला होता, आणि मग शांतता. "म्होरं माझं नाव हुतं," तो पद्माला म्हणाला. "आता गावात पोरं म्हनत्यात, तात्या, तुमचं नाव भिंतीच्या पल्याडच ऱ्हायलं. मनु म्हनती मी घेतलंया. पर ऐकलं कुनी?"

पद्माने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि सुभेदारांना ड्यूटीतून मोकळं केलं.

आधी तिने हात घातला. यंत्रात आत काय काय चाललंय ते दाखवणारी खिडकी उघडली. सगळं शांत. गाणं वाजवणारा प्रोग्राम सोडला तर कुणी काम करत नव्हतं. मग तिने आपलं व्हायरस शोधायचं साधन लावलं. ते कोपरा न् कोपरा फिरून आलं आणि म्हणालं, काही नाही. पद्माने दुसरं साधन लावलं. तेही म्हणालं, काही नाही. तोवर मशीन एकदाही बंद पडलं नाही. सुमंत मागे उभा राहून नुसता स्क्रू ड्रायव्हर पुसत होता, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

"माझी पाळी," तो शेवटी म्हणाला.

त्याने एक गाणं संपताच बनुबाईंना माइकवर बसवलं, मशीन बंद केलं आणि डबा उघडला. आतून धुळीचा असा लोट निघाला की बनुबाईंना बोलता बोलता शिंक आली, आणि ती साऱ्या खोऱ्याने ऐकली. सुमंतने ब्रशने धूळ झाडली, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबराने घासली, पुन्हा बसवल्या, तारा दाबून पाहिल्या, पंख्याला बोटाने फिरवून पाहिलं. पॉवर सप्लायही मापला. तो ठणठणीत होता.

"झालं. आता हा एकटाच काय, जंगलातसुद्धा राहील," तो म्हणाला.

सगळे उठून सुभेदारांच्या घरी जेवायला गेले. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, आणि फळीवर ठेवलेल्या रेडिओवर झुळूक. सुमंतने दुसरी भाकरी घेतली तेव्हा एक भारूड रंगात आलं होतं. आमटीत भाकरी बुडवली, आणि रेडिओतून नुसता सूं असा आवाज यायला लागला.

सुमंतने घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. पद्माला आनंद व्हायला हवा होता, पण त्याचं पडलेलं तोंड पाहून काही तो झाला नाही. तिने गुपचूप आपल्या वाटणीचं लोणचं त्याच्या ताटात सरकवलं.

तिथेच, हात धुताना, तिला एक गोष्ट सुचली. आपण मशीन तपासतो म्हणजे त्याच्यासमोर बसतो. आणि ते तर समोर माणूस असलं की शहाण्यासारखं वागतं. मग आपण समोर नसताना ते काय करतं, हे कळायला नको?

"संयोगिता, तुमच्याकडे माइक किती चांगले आहेत?"

केंद्रावर परतल्यावर तिने स्टुडिओतला माइक उघड्या डब्याजवळ ठेवायला लावला. फक्त त्याच माइकचा आवाज येणाऱ्या हेडफोनची लांब तार काचेपलीकडे, पाहुण्यांच्या खोलीत आणली. मशीनवर गाणी लावून दिली. सुभेदारांना आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवरची, त्या माइकची एक पट्टी वर सरकवायला सांगून सगळ्यांना आतून बाहेर काढलं आणि दार लावलं. संयोगिता अंगणात गुंडाची समजूत काढायला गेली, सुभेदार तंबाखू मळायला. पाहुण्यांच्या टेबलाशी राहिले फक्त दोघं.

पद्मा कानाला हेडफोन लावून बसली. पंख्याची बारीक घरघर येत होती. बाकी काही नाही.

"काय ऐकतेस? अंगाई?" सुमंतने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

"हार्डवेअरच आहे, पद्मा. प्रोसेसर गेला असेल आतून."

"तुम्हाला स्क्रू दिसला की जगात दुसरं काही दिसतच नाही."

"आणि तुला जिथं तिथं चोर दिसतात! आपला फ्रिज बंद पडला तेव्हा म्हणालीस, कुणी तरी वायफायवरून केलं. आपल्या फ्रिजला वायफाय आहे का?"

"ते मी गमतीत म्हटलं होतं. आणि तुम्ही नणंदबाईंचा लॅपटॉप उघडलात तेव्हा? तीन स्क्रू उरले ते अजून आपल्या साखरेच्या डब्यात आहेत."

"चालतोय ना लॅपटॉप?"

"चालतोय. पण हलवला की खुळखुळतो!"

सुमंतला हसू फुटलं, तसं तिलाही. आणि तेवढ्यात तिने हात वर केला. हेडफोनमधली घरघर बदलत होती. आधी जराशी चढली, मग आणखी चढली, आणि मग झाडाच्या फांदीवरचं आग्यामोहोळ उठावं तशी घोंघावायला लागली. तिने हेडफोनचा एक कान सुमंतच्या कानाशी धरला. दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

"आत कुणी नाही," ती कुजबुजली. "गाणं वाजवायला एवढा जोर लागत नाही. मग कोण राबवतंय त्याला?"

सुमंतने हेडफोन कानाशी आणखी घट्ट दाबला. त्याचे डोळे मोठे झाले होते.

पद्मा दार उघडून आत धावली आणि तिने माउस नुसता हलवला. घोंघाट लगेच उतरला. पडदा अगदी निरागस. आतली हालचाल दाखवणारी ती खिडकी तिने उघडली तेव्हा तिथेही सारं शांत. ती बाहेर आली, दार लावलं. थोड्या वेळाने पुन्हा मोहोळ उठलं. पुन्हा माउस हलवला, पुन्हा शांत.

"बघायला गेलं की लपतंय!" ती काचेतून ओरडली. "म्हणून मला सापडत नव्हतं! अहो, व्हायरस!"

त्याच वेळी अंगणातून बनुबाई धापा टाकत आल्या. हात राखेने माखलेले, भांडी घासता घासताच निघाल्या असाव्यात.

"आवं ताई! आवं सायेब! तुमचं समदं भाइर ऐकू येतंया!"

"काय ऐकू येतंय?"

"समदं! फ्रिज, साकरंतलं स्क्रू, समदं!"

काचेपलीकडे मिक्सरवर एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या वर सरकवलेल्या होत्या. दुसरी, अर्थात, पाहुण्यांच्या टेबलावरच्या माइकची. त्या माइककडे सुमंतने असं पाहिलं जसं ताटाशेजारी विंचू बघावा.

"एक वर करा म्हनला, मी इचार केला दोन केल्यालं बरं," दारातून सुभेदार म्हणाले. अपराधी चेहरा करायचा त्यांचा विचार असावा, पण मिशा हलत होत्या. "मी भाइर ट्रान्झिस्टरवर ऐकत हुतो. सांगायला येनार हुतो. पर लय रंगात आल्तं."

केंद्राचा फोन वाजला. मागोमाग आत आलेल्या संयोगिताने उचलला, ऐकलं आणि तोंडावर हात धरला. "ढेबेवाडीकडून एक मावशी आहेत. म्हणतात, सांगलीच्या ताईंचं बरोबर आहे, चोरच असणार." ती फोन ठेवते न ठेवते तो पुन्हा वाजला. या वेळी मोटार दुरुस्त करणारा कुणी जयराज होता. त्याचं मत सुमंतच्या बाजूने. यंत्र आहे, झिजणारच. मग फोन वाजतच राहिला. पद्माचे कान लाल झाले होते. सुमंत मात्र जयराजशी जरा जास्तच वेळ बोलला.

"आता मागं हटायचं नाही," शेवटी पद्मा म्हणाली. "लोकांना निकाल हवाय. बनुबाई, तुम्ही माइक सांभाळा. मशीन थोडा वेळ आमचं."

बनुबाईंनी हात पुसले, माइक ओढला आणि खोऱ्याला सांगितलं, "ऐका गं बायांनो, आता चाचनी चालू झाल्याली हाय. पार कळंस्तवर कुनी रेडिव बंद करायचा न्हाई."

पद्माने डबीतून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यात तिची स्वतःची, स्वच्छ सिस्टिम होती. मशीन त्यावरूनच सुरू केलं, की आतल्या डिस्कवर जे काही दडलंय त्याला जागच येत नाही. गाणी वाजायला लावली, दार बंद केलं, आणि सगळे काचेपाशी उभे राहिले. कुणी माउसला हात लावला नाही. बनुबाईंनी नाचणीच्या पापडाची कृती सांगितली, सुभेदारांनी लडाखच्या थंडीत दाढीवर बर्फ कसं जमतं ते सांगितलं, मग बनुबाईंनी त्यांना ते आधीही सांगितल्याची आठवण करून दिली. एवढं होईतो मशीन एकटंच होतं. पंखा चढला नाही. पडदा काळा झाला नाही.

"झालं ना?" पद्मा म्हणाली. "तेच मशीन, तेच लोखंड. फक्त डिस्कवरचं झोपवलं तर चालतंय. आता सकाळचा चहा—"

"थांब," सुमंत म्हणाला. तो चिडलेला नव्हता. कोड्यात पडल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. "व्हायरस आहे, मान्य. तो मशीनला जोरात पळवतोय, हेही मान्य. पण पळवलं म्हणून मरायचं कशाला? धडधाकट मशीन पळेल, गरम होईल, कुरकुरेल. बंद का पडावं? तुझ्याच पेन ड्राइव्हवरून त्याला पळव बघू. तिथं तर व्हायरस नाही ना?"

प्रश्न बिनतोड होता. या वेळी पद्माला राग आला नाही. तिने त्या स्वच्छ सिस्टिमवरच मशीनला मुद्दाम अवघड आकडेमोड लावून दिली, आणि स्वतः समोर बसून राहिली. पंखा चढला. मोहोळ उठलं. ती माउस हलवत होती, तरी काही उपयोग झाला नाही. आणि दिवा फुंकावा तसा पडदा काळा झाला.

"हार्डवेअर!" सुमंत ओरडला.

"तेबी हाय!" माइकवरून बनुबाई ओरडल्या.

सुमंतने टॉर्च तोंडात धरली आणि डब्यात पार डोकं घातलं. प्रोसेसरवर एक जाड जाळीदार ठोकळा बसवलेला असतो. प्रोसेसरची उष्णता तो ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर फेकतो. हा ठोकळा चार प्लॅस्टिकच्या पायांवर बोर्डात रुतलेला असतो. वरून पाहिलं तर चारही पाय जागच्या जागी दिसत होते. सुमंतने एकेकाला बोटाने दाबलं. चौथा टक्कन हलला. तो रुतलेलाच नव्हता, नुसता भोकावर टेकला होता. ठोकळा एका बाजूने केसभर उचललेला, खालचा उष्णता वाहून नेणारा लेपही वाळून खडखडीत.

"सकाळी मी ह्याला बघितलं होतं," तो पुटपुटला. "बघितलं, पण दाबलं नाही."

"मीही मघाशी त्या खिडकीत बघितलंच होतं," पद्मा म्हणाली. "नुसतं बघून आज दोघांनाही काही सापडलेलं नाही."

मग तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. डिस्कमध्ये एक चोरटा प्रोग्राम होता. माणूस समोर नसलं की तो मशीनकडून रात्रंदिवस गणितं सोडवून घ्यायचा, आणि त्यातून लांब कुठे तरी बसलेल्या कुणाला तरी इंटरनेटवरची नाणी, म्हणजे पैसेच, मिळायची. माउस हलला की तो गप्प. एकटा तो असता तर पंखा ओरडला असता, पण मशीन बंद पडलं नसतं. एकटा तो सुटलेला पाय असता तर गाणी वाजवण्याइतक्या कामात काही बिघडलं नसतं. दोघं एकत्र आले म्हणून घोटाळा.

"म्हंजे मशीन आमचं, लाईट आमची, अन राबनूक परक्याची?" बनुबाई कडाडल्या. "आनि वरनं त्याला आमी उंदीर हलवून झोपवत हुतो!"

संयोगिताने खाली मान घातली. गाण्यांच्या फायलींचा फॉरमॅट बदलायला तिनेच कुठून तरी एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला होता. त्याच्याबरोबरच हे आलं असणार. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात झटकला. "घुसखोर सांगून येत्यात व्हय गं? सापडला न्हवं? आता हाकल त्याला."

मग कामाला रंग चढला. सुमंतने जुना लेप खरवडला, नवा लावला, चारही पाय टक, टक, टक, टक असे दाबून बसवले आणि प्रत्येक टक सुभेदारांना ऐकवला. पद्माने उखाण्यांची रेकॉर्डिंग तपासून बाजूला काढली, डिस्क पार पुसली आणि नवी सिस्टिम चढवली. संयोगिता शेजारी बसून पुढच्या वेळी काय काय करायचं नाही ते विचारत होती. मधेच सुमंत चहा घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं, बनुबाईंच्या चुलीवर त्याने स्वतःच केला होता. पद्माने घोट घेतला. साखर विसरला होता. तिने तो तसाच सगळा पिऊन टाकला.

शेवटी जोराची आकडेमोड पुन्हा लावून पाहिली. पंखा ओरडला, मशीन तापलं, पण बंद पडलं नाही. मग ते मोकळं सोडलं, तर पंख्याचा आवाज ऐकायला कान टवकारावे लागत होते.

उन्हं कलली तेव्हा उखाण्यांची शेवटची फेरी सुरू झाली. संयोगिताने कार्यक्रम लावून दिला, आणि सगळे एकामागे एक खोलीबाहेर आले. सुभेदारांचा पाय उंबऱ्यावर अडखळला, मागे वळून त्यांनी एकदा माउसकडे पाहिलं. "चला," बनुबाई म्हणाल्या, "रिटायर झालाय तुमी."

अंगणात ट्रान्झिस्टर लावून माणसं दाटीवाटीने बसली होती. एकेक उखाणा येत होता, हशा पिकत होता. मनुबाई गुंडाच्या शेजारी, पदर तोंडाशी धरून बसली होती. आणि तिचा आवाज रेडिओतून आला,

"कोयनेचं पाणी अडवलं भिंतीनं—"

अंगणात सगळ्यांनी श्वास रोखला. सुमंतने पद्माचं मनगट धरलं.

"—गुंडारावांचं नाव घेते तुमच्या संमतीनं!"

अशी आरोळी उठली की पंचायतीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. गुंडा मान खाली घालून चपलेने माती उकरत राहिला. मग उपरण्याने तोंड पुसून, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला, "म्या कवा म्हनलं न्हाई घेतलं म्हून?" मनुबाईने त्याला कोपराने असा ढोसला की तो बाकावरून घसरला.

बक्षीस मनुबाईला मिळालं नाही. ते मोरगिरीच्या एका सासूने पटकावलं, जिने उखाण्यात नवऱ्याबरोबर त्याच्या घोरण्याचंही नाव घेतलं होतं. पण फोनवरून मागणी आली, ती सांगलीच्या ताईंनीही एक नाव घ्यावं म्हणून. पद्मा नको नको म्हणत असताना बनुबाईंनी तिला माइकपुढे बसवलं. लग्नानंतर तिने उखाणा घेतला नव्हता. काचेपलीकडे सुमंत हाताची घडी घालून, डोळे मिचकावत उभा होता. ती म्हणाली,

"एक पाय ढिला, अन् चोर शिरला घरात,
सुमंतरावांचं नाव घेते कोयनेच्या खोऱ्यात."

सांजेला व्हॅन खाली उतरायला लागली. मागे तांदळाची पिशवी आणि नाचणीचे पापड. गाडीतल्या रेडिओवर झुळूक चालू होती. शटर कोण उघडणार आणि चहा कोण करणार, यावर एव्हाना तडजोड झाली होती. दोन्ही दोघांनी मिळून. फक्त साखरेची जबाबदारी पद्माची. रेडिओवर कुणा बाईने गायलेलं भलरीचं गाणं लागलं होतं. गाडीने एक वळण घेतलं, आणि गाणं अर्ध्यातच थांबून खरखर सुरू झाली.

सुमंतचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रेंज संपली हो," पद्मा म्हणाली. "छोटं केंद्र आहे. एवढ्या लांब कुठलं पोचणार?"

"तेच असेल," सुमंत म्हणाला. पण गाडी काही सुरू केली नाही.

"तेच आहे," पद्मा म्हणाली, आणि पर्समधून फोन काढला.

पलीकडे संयोगिताने उचलला. तिच्यामागे भांड्यांचा, माणसांच्या बोलण्याचा आवाज होता, आणि त्यातूनच ते भलरीचं गाणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"चालू आहे मॅडम," ती म्हणाली. "आम्ही सगळे सुभेदारांकडे जेवायला बसलोय. तिकडं खोलीत कुणी नाही."